स्टीमपंक: कोणते चित्रपट-मालिका बघायच्या, काय ऐकायचं, आणि त्यातून यंत्र कसं उभं करायचं

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

गणपतीचा देखावा, कॉलेजचं गॅदरिंग, शॉर्टफिल्म यांसाठी स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या काळातल्या पितळी-दातेरी यंत्रांवर उभं केलेलं कल्पनेतलं जग, करू पाहणारे आपल्या भागात आता बरेच आहेत. पण बहुतेकांची तयारी फोटो बघून होते. मग थर्माकोलच्या डब्यावर सोनेरी दातेरी चाकं चिकटतात. ती कशाने फिरत नाहीत आणि कशाला फिरवतही नाहीत. यंत्राची चाल फोटोत दिसत नाही, चित्रपटात दिसते. म्हणून हा धागा. चित्रपट सुचवताना त्यात नेमकं काय बघायचं ते लिहा, आणि ते इथे मिळणाऱ्या सामानातून कसं करायचं तेही लिहा.

मी डिस्नेच्या १९५४ च्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'पासून सुरुवात करतो. त्यातली नॉटिलस पाणबुडी हार्पर गॉफने आखली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतली नॉटिलस गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळती आणि विजेवर चालणारी आहे. गॉफने तिला रिव्हेट मारलेलं लोखंडी जनावर केलं, पाठीवर करवतीसारखा कणा दिला, कारण ती जहाजांचे तळ फाडते. काटे शोभेला नाहीत, कामाला आहेत. चित्रपटाला कला दिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्स अशी दोन ऑस्कर मिळाली.

बघताना रिव्हेटांवर लक्ष ठेवा. रिव्हेट पत्र्याच्या सांध्यावर असतो, मोकळ्या पत्र्याच्या मधोमध नसतो. खऱ्या बॉयलरच्या साध्या सांध्यात दोन रिव्हेटांमधलं अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या अडीच ते तीन पट, आणि पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या मध्यापर्यंत दीडपट ठेवतात. कपड्यांवर चिकटवायचे एका बाजूने चपटे ८ मिमीचे मोती घेतले, तर २४ मिमी अंतर आणि कडेपासून १२ मिमी. गोल टाकीवर दाबामुळे लांबीच्या सांध्यावर येणारा ताण घेराच्या सांध्यापेक्षा दुप्पट असतो, म्हणून लांबीच्या सांध्याला नागमोडी दोन ओळी आणि घेराला एक ओळ द्या. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण टाकी खरी वाटेल.

फिल्मकीडा (नांदेड)

चांगला धागा. माझ्या यादीत पहिलं नाव कारेल झेमान. १९५८ चा त्याचा चेक चित्रपट 'विनालेझ झ्काझी'. व्हर्नच्या पुस्तकांतल्या कोरीव चित्रांसारखा पडदा दिसावा म्हणून त्याने सेटवर आणि कपड्यांवरसुद्धा कोरीवकामाच्या रेघा ओढून घेतल्या. कमी पैशात शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी हाच बघावा, कारण यात पितळ लागत नाही, पुठ्ठा आणि काळा रंग लागतो.

रेघांची जाडी कॅमेऱ्यावरून ठरवा. चौकटीत ३ मीटर रुंदीचा सेट येणार असेल आणि चित्रण १९२० पिक्सेल रुंदीचं असेल, तर एक पिक्सेल म्हणजे साधारण दीड मिमी. रेघ ५ मिमीपेक्षा बारीक नको आणि दोन रेघांमध्ये तेवढीच किंवा थोडी जास्त जागा सोडा. याहून बारीक काढल्या की कॅमेरा हलताना रेघा लहरतात, इंद्रधनुषी पट्टे उठतात. दुसरी अडचण प्रकाशाची. रेघांनी सावली आधीच काढलेली असते. वर एका बाजूने कडक दिवा मारला की खरी सावली त्या रेघांवर पडून चित्र फुटतं. पांढऱ्या चादरीतून गाळलेला सपाट प्रकाश दोन्ही बाजूंनी द्या.

मियाझाकीचा जपानी ॲनिमेशनपट 'लापुटा' (१९८६) दुसरा. त्यातलं खाणीचं गाव वेल्सवरून घेतलंय. तिथल्या खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप मियाझाकीने पाहिला होता. म्हणून त्या गावात यंत्रांइतकंच कामगारांचं जगणं आहे: पाळ्या, काजळी, इंजिनवाला. आपल्याकडे जिनिंग, सूतगिरणी आणि भट्ट्या बघितलेल्यांना हा चित्रपट लगेच कळतो.

ओतोमोचा 'स्टीमबॉय' (२००४) वाफेसाठी बघा. सुमारे १,८०,००० चित्रं काढून केलेला चित्रपट आहे. वाफ कुठून सुटते, आधी काय थरथरतं, झडप कधी उघडते, हा क्रम त्यात चुकत नाही. कथा १८६६ ची आहे आणि लंडनच्या प्रदर्शनात क्रिस्टल पॅलेस दाखवलाय; प्रत्यक्षात ते प्रदर्शन १८५१ चं, आणि इमारत १८५४ पर्यंत सिडनहॅमला हललेली होती. चित्रपटाला ही सूट आहे, पण प्रदर्शनाच्या फलकावर इतिहास म्हणून तारीख लिहिणार असाल तर १८५१ लिहा.

गोदाकाठ (पैठण)

मालिका पण सांगा ना दादा. चित्रपट दोन तासांत संपतो, मुलांना भाग बघायला आवडतात.

फिल्मकीडा (नांदेड)

मालिकांत जुनी म्हणजे अमेरिकन 'द वाइल्ड वाइल्ड वेस्ट', १९६५ ते १९६९. नायकांची खास आगगाडी, आणि तिच्या प्रत्येक कप्प्यात लपवलेलं काहीतरी. तेवढंच घ्या, १९९९ चा त्यावरचा चित्रपट सोडला तरी चालेल. जपानी 'नादिया' (१९९०-९१, ३९ भाग) मुलांना आवडेल. 'आर्केन' (२०२१) मोठ्यांसाठी. त्यात वरचं श्रीमंत शहर पितळी आणि खालचं गरीब शहर गंजलेलं आहे. एकच तंत्रज्ञान, दोन वर्गांत दोन रंगांचं, हे रंगकाम करणाऱ्यांनी नीट बघावं.

पट्टापुली (जालना)

आता यंत्रावर येऊ. या विषयात 'ह्यूगो' (२०११) वगळून पुढे जाता येत नाही. त्यातल्या चित्र काढणाऱ्या बाहुलीमागे खरी बाहुली आहे, हेन्री मायार्देची, १८०० च्या आसपासची. १९२८ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटकडे आली तेव्हा तिचा कर्ता नक्की माहीत नव्हता. दुरुस्त केल्यावर तिने स्वतःच कवितेखाली मायार्देचं नाव लिहिलं. चार चित्रं आणि तीन कविता तिच्या पितळी कॅमांत साठवलेल्या आहेत. कॅम म्हणजे कड वरखाली कापलेली चकती. कडेवरून तरफेचं बोट फिरतं आणि ती चढ-उतार हाताला पोचवते. लिहिणाऱ्या हाताला तीन लागतात: डावी-उजवी, मागे-पुढे, आणि पेन उचलणं.

पहिल्यांदा करणाऱ्याने लिहिणारा हात घेऊ नये. गणपतीचा आशीर्वादाचा हात किंवा कान हलवा, एक कॅम पुरतो.

६ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घ्या. सर्वांत कमी त्रिज्या ४० मिमी, सर्वांत जास्त ६०, म्हणजे उचल २० मिमी. ही उचल ९० अंशांच्या फेऱ्यात सावकाश दिली तर सर्वांत तीव्र जागी चढाचा कोन साधारण २२ अंश येतो. घाई करून ४५ अंशांत दिली तर ३९ होतो आणि तरफ चढायच्या ऐवजी आडवी ढकलली जाऊन अडकते. ३० च्या आत ठेवा. तरफेच्या टोकाला ६२४ नंबरचं बेअरिंग, बाहेरचा व्यास १३ मिमी. कॅमवर आत गेलेला खड्डा साडेसहा मिमी त्रिज्येपेक्षा अरुंद असेल तर बेअरिंग त्यात उतरतच नाही, वरून पूल करून जातं आणि हात अपेक्षित जागी थांबत नाही. कडेला मेणबत्ती घासा. तेल नको, एमडीएफ फुगतं.

दाती चाकांचं गणित: दोन्ही चाकांचं मॉड्युल (दात्यांचं माप, चाकाचा व्यास भागिले दाते) एकच हवं. केंद्रांमधलं अंतर म्हणजे मॉड्युल गुणिले दोन्हींच्या दातांची बेरीज, भागिले दोन. मॉड्युल ३, दाते १६ आणि ४८, तर ९६ मिमी. लाकडी चाकांना त्यात पाव मिमी वाढवा, नाहीतर पहिल्या पावसात दाते आवळतात. एमडीएफच्या कापलेल्या कडा सँडिंग सीलर किंवा चपड्याच्या पॉलिशने बंद केल्याशिवाय भाद्रपदात लावूच नका. आणि एक चूक पोस्टरांवरसुद्धा असते: तीन चाकं एकमेकांत गुंतवून त्रिकोण केला की ती कुठल्याही दिशेने फिरू शकत नाहीत. शेजारची चाकं उलट फिरतात, म्हणून बंद साखळीत चाकांची संख्या सम पाहिजे.

गोदाकाठ (पैठण)

मामा, मोटर कोणती घ्यायची? शिलाई मशीनची चालेल का?

पट्टापुली (जालना)

ती फार वेगात फिरते. दोनच मोटरी ध्यानात ठेवा.

हळू कामाला कूलरची स्विंग मोटर. २३० व्होल्ट, मिनिटाला ५ फेरे, म्हणजे १२ सेकंदांत एक फेरा. आशीर्वादाच्या हाताला अगदी बरोबर. उन्हाळा सरला की भंगारात भरपूर मिळते. मायक्रोवेव्हच्या ताटाची मोटर दिसायला तशीच असते, पण तिच्यावरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय जोडू नका; काही ३० किंवा २१ व्होल्टच्या असतात आणि २३० दिलं की जळतात.

जास्त जोराला गाडीच्या वायपरची मोटर. १२ व्होल्ट, हळू वेगाला साधारण ४५ आणि जोरात ६५ फेरे. चालू झाल्यावर तीन-चार अँपिअर घेते, पण सुरू होताना आणि अडकल्यावर त्याच्या कितीतरी पट. म्हणून १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरची वीज १२ व्होल्टवर उतरवणारा डबा) आणि वाटेत १० अँपिअरचा फ्यूज. दोन अँपिअरच्या अडॅप्टरवर ती नुसती थरथरते आणि लोक मोटर खराब म्हणून फेकतात. बऱ्याच वायपर मोटरींत बॉडीच निगेटिव्ह असते. लोखंडी चौकटीवर बसवताना चौकटही निगेटिव्ह होते हे विसरू नका.

मंडपात २३० व्होल्टचं काहीही लावलं तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच. ओली जमीन, गर्दी आणि लोखंड एकत्र असतं.

रंगपेटी (परभणी)

मामांनी हाडं दिली, मी कातडीचं लिहिते. सोनेरी स्प्रे मारला म्हणजे पितळ होत नाही. पितळात सोन्यापेक्षा हिरवट-तपकिरी झाक असते आणि खोबणीत काळं बसलेलं असतं.

११० मिमीचा पीव्हीसी पाइप घेतला तर आधी त्यावरचा छापील मजकूर थिनरने पुसा, १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, प्लास्टिक प्रायमर, त्यावर मॅट काळा. पूर्ण वाळल्यावर जुन्या ताठ ब्रशवर पितळी रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पुसून टाका आणि उंचवट्यांवरून हलका फिरवा. खोबणी काळी राहू द्या. रिव्हेटखाली पातळ तपकिरी ओघळ, तोही गुरुत्वाच्या दिशेने. टाकी उभी असेल तर ओघळ उभा. आडवी रंगवून मग उभी केलेली टाकी लगेच ओळखू येते, तिचा गंज आडवा वाहतो.

कळक तांब्याला आणि पितळेला चढतो, लोखंडाला तांबूस गंज. एकाच भागावर दोन्ही रंग दिले की धातू कोणता तेच कळत नाही. खऱ्या पितळेवर हिरवट-निळा कळक हवा असेल तर चिंच किंवा पितांबरीने पितळ अगदी स्वच्छ करून, व्हिनेगर-मिठाचं पाणी शिंपडून, झाकणाच्या डब्यात अमोनियाच्या वाटीशेजारी रात्रभर ठेवा. पितळेला अमोनिया लागू द्यायचा नाही, वाफ पुरते. हे उघड्यावर करा आणि तिथे ब्लीचिंग पावडर किंवा जंतुनाशक क्लोरीन आसपास सुद्धा नको, विषारी वायू होतो.

काय बिघडतं ते सांगते. थर्माकोलवर सरळ स्प्रे मारला की थर्माकोल विरघळतो. आधी डिस्टेंपरचे दोन हात. चकचकीत सोनेरी स्प्रेवर क्लिअर लॅकर मारलं की तो करडा पडतो, कारण चमकणारे कण वरच्या थरात तरंगत असतात आणि लॅकरमधलं थिनर त्यांना विस्कटतं. हात लागणार नसेल तिथे लॅकर मारूच नका. मे महिन्यात दुपारी स्प्रे केला तर थेंब हवेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो, सकाळी सातच्या आत उरका. पावसाळ्यात उलट, एनसी लॅकरवर पांढरट धुकं चढतं. हवेतला ओलावा त्यात अडकतो. सावकाश उडणारं रिटार्डर थिनर मिसळा किंवा ऊन पडायची वाट बघा.

फिल्मकीडा (नांदेड)

ताईंच्या मुद्द्याला धरून: डिस्नेच्या 'ट्रेझर प्लॅनेट' (२००२) मध्ये चित्रकारांनी ७० टक्के जुनं आणि ३० टक्के नवं असा नियम पाळला होता. देखाव्यालाही तो उपयोगी आहे. सगळंच चमत्कारिक केलं की नजर कुठेच थांबत नाही.

संबळवाला (नांदेड)

संगीतावर अजून कोणी बोललं नाही, आणि खरं म्हणजे अर्धा परिणाम तिथूनच येतो.

स्टीमपंक बँड म्हणून सिॲटलचा ॲबनी पार्क आणि सॅन डिएगोचा स्टीम पॉवर्ड जिराफ ही नावं सगळे घेतात. ऐका. पण आपल्यासाठी जास्त कामाचा इंग्लंडमधला संडे ड्रायव्हर, कारण त्यांच्याकडे सतार आणि तबला आहे. चित्रपटांत हान्स झिमरचं २००९ च्या 'शेरलॉक होम्स'चं संगीत: बेसूर जुना पियानो आणि बँजो मुद्दाम वापरलेत. 'ह्यूगो'त हॉवर्ड शोरने पॅरिसचं अकॉर्डियन घेतलं. 'सिटी ऑफ लॉस्ट चिल्ड्रन' (१९९५) ला अँजेलो बादालामेंती. तिन्हींत वाद्य जरासं थकलेलं आहे, सूर अगदी नितळ नाही.

ते पेटीवर करता येतं. दोन सूरपट्ट्यांच्या पेटीत एका पट्टीचा सूर दुसरीपेक्षा किंचित वर असला की सूर लहरतो. ४४० हर्ट्झवर ४ सेंटचा (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक म्हणजे सेकंदाला एक लहर. त्यासाठी पेटी खरवडू नका. ध्वनिमुद्रण दोनदा ठेवून संगणकात एक प्रत १० सेंट वर न्या. सेकंदाला अडीच लहरी येतात, जत्रेतल्या वाद्याचा रंग येतो. २० सेंटच्या पुढे गेलात तर नुसतं बेसूर.

आणि सिंथेसायझरवर पितळी वाद्यं वाजवत बसू नका. आपल्या प्रत्येक तालुक्यात बँड पार्टी आहे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, सोबत हलगी किंवा संबळ. ट्रम्पेट खऱ्या माणसाने फुंकलेलं आणि लोखंडी शटरच्या दुकानात रेकॉर्ड केलेलं, याला पर्याय नाही.

यंत्राचे आवाज पकडायला २७ मिमीची पिझो चकती (थरथरीची वीज करणारी) घ्या, यंत्राच्या लोखंडाला चिकटवा. तिची धारकता साधारण २० नॅनोफॅरड असते. ती १० किलोओहम रोधाच्या लाइन इनपुटला जोडली तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं जातं, म्हणून लोकांना पत्र्याचा चरचर आवाज मिळतो आणि घुमारा मिळत नाही. गिटारसाठी असतं तसं १ मेगाओहमचं इनपुट वापरा. मग कापणी ८ हर्ट्झवर जाते. वायर एक मीटरच्या आत आणि जाळीची.

बार्शीलाइट (लातूर)

संबळवाले, लयीचं मी पुढे नेतो. वाफेच्या इंजिनाची लय मनाने ठरवायची गरज नाही, ती मोजता येते. दोन सिलिंडर, प्रत्येकात दोन्ही बाजूंनी वाफ, दोन्हींचे क्रँक ९० अंशांवर. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे. दोन फेऱ्यांत आठ, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन.

चाकाचा व्यास ७६२ मिमी धरा. घेर २.३९ मीटर. ताशी २० किलोमीटरला सेकंदाला २.३ फेरे, सेकंदाला नऊच्या थोडे वर फुसकारे. संगणकात लय मिनिटाला १४० ठोके ठेवून एका ठोक्यात चार वाजवले की हाच वेग. ताशी १० ला ७०. संबळाने प्रत्येक चौथ्यावर आघात द्या.

नवशिके इथे चुकतात: गाडी वेग घेते तसा ठोका नुसता जलद करतात. निघताना वाफ सिलिंडरमध्ये जवळजवळ पूर्ण धावेपर्यंत सोडतात, म्हणून फुसकारा लांब आणि मोठा. वेग आला की ड्रायव्हर वाफ लवकर तोडतो, फुसकारा आखूड आणि हलका होतो. तेव्हा लय वाढवाल तसा प्रत्येक ठोक्याचा आवाज आणि लांबी कमी करा.

ओनेगरचं 'पॅसिफिक २३१' (१९२३) यासाठी ऐकाच. त्यात सुर आखूड होत जातात पण मूळ ठोका मात्र सावकाश होत जातो. गाडीचा वेग वाढल्याचा भास आणि वजन दोन्ही मिळतं. आणि १९४८ ची पिएर शेफरची आगगाड्यांवरची रचना, पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावरच्या इंजिनांचे खरे आवाज कापून-जोडून केलेली.

लातूरकरांना संदर्भ शोधायला लांब जायचं कारण नाही. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ला सुरू झाली, १९११ ला लातूरला आली. अडीच फुटी गेज, म्हणजे तेच ७६२ मिमी. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने सगळ्या गाड्यांचा भार प्रत्येक आसावर पाच टनांच्या आत राहील अशी आखणी केली, म्हणून हलके रूळ चालले. याच माणसाने पुढे विमानातून उडी मारायची छत्री केली. रेल्वे आणि पॅराशूट एकाच डोक्यातून. स्टीमपंक कथेला असा माणूस शोधूनही मिळणार नाही.

गोदाकाठ (पैठण)

भारतीय चित्रपट एकही नाही का? 'हवाईजादा' चालेल?

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

दिसायला चालेल. २०१५ चा आहे, शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाच्या कथेवर. लाकूड, कापड, दोऱ्या, जुनी मुंबई, हे सगळं बघण्यासारखं. पण १८९५ च्या उड्डाणाला भरवशाचा पुरावा नाही, आणि 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथातली विमानं उडू शकत नाहीत असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलंय. कल्पना म्हणून घ्या, फलकावर इतिहास म्हणून लावू नका. शाळेची मुलं तो वाचतात.

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या खऱ्या गोष्टीच पुरेशा आहेत. पाणचक्कीचं बघा. मलिक अंबरच्या काळात सुरू झालेली नहरांची परंपरा, डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी, उंच भिंतीवरून पाडलेला झोत, आणि खाली आडवं चाक. आडवं असल्याने त्याच दांड्यावर वर जातं फिरतं. एकही दाती चाक लागत नाही. उभं चाक लावलं असतं तर काटकोनात वळवायला लाकडी दाते करावे लागले असते. देखाव्यात उभं पाणचाक लावून बाजूला जातं फिरवणारे हा फरक विसरतात.

पट्टापुली (जालना)

पाणचक्कीदादा, त्यातच जिनिंगचा लाइनशाफ्ट जोडा. छताखाली एक लांब दांडा, त्यावर पुल्या, प्रत्येक यंत्राला एक पट्टा. एका वायपर मोटरवर पाच-सहा हलक्या गोष्टी फिरतात, आणि कारखान्याचा खरा देखावा तोच.

१२ मिमीचा ब्राइट बार, दर ६० सेंमीला पेडेस्टल बेअरिंग, पट्टा म्हणून २५ मिमीची नवार. पट्टा सारखा उतरतो ही तक्रार शंभर टक्के येणार. पुलीला कठडे लावून ती जात नाही, पट्टा कठड्यावर चढून उलटा होतो. पुली मध्यभागी किंचित फुगीर करा. पट्टा आपोआप जास्त व्यासाकडे सरकतो आणि मध्ये टिकतो. ६० मिमीच्या पुलीला मधोमध इन्सुलेशन टेपचे तीन वेढे, खालचा रुंद आणि वरचा अरुंद, एवढा फुगवटा पुरतो. नवारीची टोकं एकावर एक ठेवून शिवू नका, दर फेऱ्याला ठक्क वाजतं. समोरासमोर आणून तिरकी शिवण घाला. उलटी दिशा हवी तिथे पट्टा आठच्या आकड्यासारखा फिरवा.

रंगपेटी (परभणी)

वाफ कशी दाखवायची तेही कोणी लिहा. बॉयलर कोणी खरा करणार नाही ना?

पट्टापुली (जालना)

नाही ताई, अजिबात नाही. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. बंद डब्यात ती कोंडली की तो डबा राहत नाही. बंद डबा, कुकर, सिलिंडर, यातलं काहीच वापरायचं नाही.

खाली उतरणारं धुकं हवं तर २४ व्होल्टची अल्ट्रासॉनिक चकती, पाणी तिच्यावर दोन-तीन सेंमी. बोअरचं पाणी घातलं की त्यातले क्षार धुक्यासोबत उडून मूर्तीवर आणि लाकडावर पांढरी पूड बसते आणि चकतीवर थर चढून ती बंद पडते. आरओचं पाणी घाला. वर जाणारी वाफ हवी तर लग्नातलं फॉग मशीन. ते सतत नको, झडप उघडल्यावर दोन-तीन सेकंदच. फिल्मकीड्याने 'स्टीमबॉय'बद्दल लिहिलंय तसं आधी थरथर, मग शिट्टी, मग वाफ.

फिल्मकीडा (नांदेड)

चित्रण करणाऱ्यांसाठी शेवटच्या तीन गोष्टी, कारण देखावा छान होतो आणि मोबाइलमध्ये बिघडतो.

आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, चित्रण २५ फ्रेमचं. १/६० ला दिव्यांचे पट्टे सरकताना दिसतात.

छोटं मॉडेल मोठं दिसावं असं वाटत असेल तर फ्रेम वाढवा, प्रमाणाच्या वर्गमुळाइतके. १:१६ चं मॉडेल असेल तर चारपट, म्हणजे १०० फ्रेमने घेऊन २५ ने दाखवा. पाण्याच्या लाटा आणि धूर जड वाटतो. त्याहून छोटं मॉडेल करून पाणी दाखवू नका, थेंबाचा आकार लहान करता येत नाही आणि तिथे सोंग उघडं पडतं.

तिसरी चाकांची. वायपर मोटर ६५ फेऱ्यांवर, चाक २४ दातांचं, तर सेकंदाला २६ दाते जातात. २५ फ्रेमवर ते चाक जवळजवळ थांबलेलं दिसतं, सेकंदाला एक दात सरकल्यासारखं. ३० फ्रेमवर तेच चाक उलटं फिरतं. ४५ च्या वेगावर सेकंदाला १८ दाते. २५ फ्रेमवर तेही उलटं. चाकाच्या एका आऱ्यावर वेगळ्या रंगाचा मोठा ठिपका द्या, किंवा वेग सेकंदाला आठ-दहा दात्यांपर्यंत उतरवा. तेवढ्याने डोळ्याला दिशा नीट कळते.

गोदाकाठ (पैठण)

मामा, कूलरची मोटर जोडून पाहिली. कधी सरळ फिरते, कधी उलटी. खराब आहे का?

पट्टापुली (जालना)

खराब नाही. ही सिंक्रोनस मोटर आहे, चालू करताना विजेची लहर कुठे आहे त्यावर दिशा ठरते. कूलरच्या जाळीला दोन्ही दिशा सारख्याच, म्हणून कंपनीने बंधन घातलेलं नसतं. कॅम दोन्ही बाजूंनी सारखा कापा, म्हणजे चढ ९० अंश आणि उतारही ९०. तसं जमत नसेल तर दांड्यावर एक छोटं दातेरी चाक आणि त्यावर स्प्रिंगची खिट्टी लावा. उलटी निघाली की खिट्टीला आपटून ती स्वतःच सरळ वळते. खिट्टी लाकडी नको, पोलादी पट्टीची करा. घड्याळाच्या दुरुस्तीवाल्याकडे जुन्या चावीच्या स्प्रिंगचा तुकडा मिळतो, तो २० मिमी पुरे.